राखणीची करवंटी

सुशीलनं स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली, तेव्हाच मला कळलं की तो घाबरलाय. एरवी तो शर्ट घेऊन माझ्या मागे फिरतो. त्या दुपारी मात्र मैनाची दुपटी बाजूला सारून टेबलावर एकाच बाहीवरून परत परत इस्त्री फिरवत होता. मैना माझ्या मांडीवर पीत पीत झोपायला आली होती. वाफेचा फस्स आवाज झाला की एक डोळा उघडून बापाकडे बघायची आणि परत मिटायची.

कबड्डी संघाचा कार्यवाह म्हणून आज त्याचा पुन्हा पहिला दिवस होता. गेल्या मोसमापासून संघानं त्याला निलंबित ठेवलं होतं.

कार्यवाह म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेर सांगावं लागतं. कुठल्या गावाला कुठल्या तारखेला स्पर्धा द्यायची, पंच कोण, कुठला खेळाडू कुठल्या गावाकडून उतरणार, वजनावरून भांडण लागलं तर शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळं त्याच्याकडे. मानधन नावापुरतं. घर चालतं ते पेणच्या बाजारातल्या आमच्या खेळाच्या सामानाच्या दुकानावर. पण खाडीकाठच्या गावांत कार्यवाह लग्नाला आला नाही तर लोक चौकशी करतात, आणि त्यानं एखाद्या पोराच्या पाठीवर हात ठेवला तर त्या पोराची आई ते वर्षभर सांगते. सुशील स्वतः खेळायचा तेव्हापासून त्याला हेच काम हवं होतं. निलंबनाच्या काळात दुकानात बसून तो मुलांच्या बनियनवर नंबर छापायचा, आणि एखादं गाव स्पर्धेचे चषक न्यायला आलं की आतल्या खोलीत जाऊन उभा राहायचा. मी बिल करायची.

झालं ते असं. गेल्या मोसमात रोह्याचा अंतिम सामना आटोपून तो मला आणि मैनाला न्यायला माझ्या माहेरी आला. माझं माहेर रोह्यातलंच. बरोबर निलेश होता, वडखळच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावचा मुलगा, त्या दिवशीचा सर्वोत्कृष्ट चढाईपटू. चषक मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला होता. सुशीलच्या तोंडाला वास येत होता. सामन्यांच्या दिवसांत तो वास आमच्या घरात बामच्या वासासारखाच झाला होता. गुडघ्याला बाम, घशाला हे. मी मागे बसले, मैनाला ओढणीखाली घेतलं. खिंडीच्या उतारावर गाडी डाव्या अंगानं कठड्यावर गेली.

मैनाच्या भुवईवर टाके पडले. निलेशचा डावा गुडघा गेला. पोलिसांनी सुशीलला नळीत फुंकायला लावलं, लायसन जप्त झालं, केस झाली. निलेशचे वडील, कान्हूकाका, यांनी मात्र तक्रार दिली नाही. जबाबात म्हणाले, माझा पोर आपल्या पायानं गाडीत बसला होता. हे वाक्य सुशील झोपेत बोलतो.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी त्याला मैनाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची होती. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "तिच्या डोक्यावर नको." तो म्हणाला, "मग तू सांग कशावर." मी म्हटलं, शपथ कशावरच नको. एक थेंब जरी घेतलास तरी मी हिला घेऊन रोह्याला जाईन, आणि मग न्यायला येऊ नकोस. तो हो म्हणाला. पेणच्या ज्या डॉक्टरकडे आम्ही जात होतो त्यांनीही तेच सांगितलं होतं. थेंब वेगळा आणि बाटली वेगळी असं ज्याला वाटतं तो यातून सुटत नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद करून आला की चपला काढायच्या आधी सुशील माझ्यासमोर येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "घे वास." हे त्यानंच सुरू केलं, मी नाही. मी घ्यायची. चहाचा वास असायचा, कधी बडीशेपेचा. मग तो मैनाला उचलायचा आणि तिच्या टाळूचा वास घ्यायचा. आमच्या घरात दिवेलागण अशी व्हायची. मला ते आवडायला लागलं होतं.

गाडी चालवायलाही मी त्याच काळात शिकले. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. त्याचं लायसन परत मिळालं तरी त्यानं ती मागितली नाही.

मोसमाच्या आदल्या दिवशी संघाचे अध्यक्ष रघूदादा घरी आले. मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे, मनानं वाईट नसलेले गृहस्थ आहेत. मैनाच्या हातात खेळण्यातली शिट्टी दिली, चहा बशीत ओतून प्यायले, आणि सांगितलं की पहिली स्पर्धा मुद्दाम कान्हूच्याच गावाला दिली आहे. गाव तयार आहे. कान्हू तयार आहे. "त्याच्या हातून राखण घेतलीस की झालं," ते म्हणाले. "मग कोनाला तोंड राहनार नाय."

खाडीकाठच्या गावांत मोसमाचं मैदान उघडण्याआधी राखण देतात. बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला नारळ, कोंबडा आणि दारूची धार. तो जागेचा राखणदार. त्यानं कृपा केली तर पोरांचे हातपाय शाबूत राहतात अशी समजूत. धार देऊन झाली की एका करवंटीत दोन घोट प्रसाद म्हणून संघाच्या कार्यवाहाला देतात. त्यानं घेतला की मैदान खुलं. ती करवंटी ज्या घरची राखण असेल त्या घरची बाई भरते, वर केळीचं पान झाकून ताटात ठेवते, आणि घरधनी आपल्या हातानं पुढे करतो. सुशीलनं दर मोसमाला कुठल्या ना कुठल्या गावात ती घेतलेली. त्याला कुणी पिणं म्हणत नाही. तीर्थाला कुणी पिणं म्हणतं का?

रघूदादा गेल्यावर मी विचारलं, "काय करशील?"

"कपाळाला लावीन आणि परत देईन."

"आणि त्यांनी घेच म्हटलं तर?"

तो मैनाच्या शिट्टीतली गोळी बोटानं फिरवत बसला. "बघू," म्हणाला.

त्या "बघू"नं मला झोप लागली नाही. तो लबाडीनं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मी गाडी चालवत होते, सुशील मागे मैनाला धरून. पुढचं डावं दार नवीन बसवलेलं, पांढरा रंग बाकीच्या गाडीपेक्षा जरा जास्तच पांढरा आहे. त्या सीटवर तेव्हापासून आम्ही कुणाला बसवत नाही. ठरवलेलं नाही, तसं होतं.

वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागलो आणि पुढे खाडीकडे वळलो. गाव आलं तसे मैदानावरचे कर्णे ऐकू येऊ लागले. निवेदक माइक तपासत होता. आम्ही उतरलो तेव्हा चार-पाच जुने खेळाडू पुढे आले, सुशीलला मिठ्या मारल्या. एकजण गाडीकडे बघत म्हणाला, आता डायवर चांगला ठेवलाय सायबांनी. दुसरा म्हणाला, डायवर नाय रे, मालकीन हाय. सगळे हसले, सुशीलही हसला. मीही हसले. अशा गोष्टी त्यांनी हसण्यावारी नेल्या नसत्या तर आम्ही मैदानात पाऊल टाकू शकलो नसतो, हे मला कळत होतं.

गुणलेखकाच्या टेबलाशी निलेश बसला होता. डावा पाय सरळ पुढे, दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेला. हे काम सुशीलनंच रघूदादांकरवी त्याला मिळवून दिलं होतं. सुशील त्याच्याजवळ गेला, उभा राहिला. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. निलेशनं न उमटणारं पेन दाखवलं. सुशीलनं खिशातलं आपलं पेन काढून त्याला दिलं.

मग रघूदादांनी सुशीलला पंचांच्या बैठकीला नेलं आणि मी मैनाला कडेवर घेऊन कान्हूकाकांच्या घरी गेले.

पुतळीकाकू मागच्या पडवीत राखणीचं ताट मांडत होत्या. निलेशची आई. उभा जन्म मिठागरात गेलेला, पायांच्या भेगांत मीठ बसून त्या पांढऱ्या झालेल्या. मला बघून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "बस गो." मी उंबऱ्याशी बसले. ताटात हळद, कुंकू, नारळ, केळीची पानं, घासून गुळगुळीत केलेली करवंटी. बाजूला कागदाचा बोळा लावलेली काचेची बाटली. कोंबडा टोपलीखाली होता, मैना त्याच्याशी बोलायला लागली.

काय बोलायचं ते मी वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरले. सरळच म्हटलं की काकू, आज करवंटीत दारू भरू नका. धार द्यायची ती देवाला द्या, बाटलीतली. माझ्या नवऱ्याच्या करवंटीत नारळाचं पाणी घाला. कुणाला कळणार नाही. रंग सारखाच दिसतो.

त्या पान पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पोराचा पाय गेला तवा तुझा नवरा प्यालेला. आता तो प्याला काय आनि नाय प्याला काय, पाय येतोय का परत?"

मैना रांगत टोपलीपाशी गेली होती. पुतळीकाकूंनी तिला दंडाला धरून जवळ ओढलं, कोंबडा चोच मारेल म्हणून. तिच्या भुवईवरची रेघ त्यांना दिसली. अंगठ्यानं त्यांनी ती चाचपली, मीठ चाचपतात तशी, ओलं की कोरडं बघत.

"ही पन होती व्हय गाडीत?"

मी मान हलवली.

"माला कोनी सांगितलाच नाय." मग त्यांनी एक शहाळं उचललं, कोयत्यानं टवका उडवला आणि तांब्यात पाणी ओतून तांब्या फडक्याखाली सारला. "देव काय चव बघत नाय," म्हणाल्या. "पन म्हाताऱ्याला सांगू नको. तो माझा हातच तोडील."

मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय आत घेतले. म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाय करत. हिच्यासाठी करते."

परत येताना वाटलं, सुशीलला सांगावं. हळूच कानात सांगितलं असतं तर त्याचं ओझं उतरलं असतं. पण त्याचा चेहरा मला माहीत आहे. त्याला काही लपवता येत नाही. लग्नाआधी आमचं जमलंय हे माझ्या आईला त्याच्या नुसत्या चेहऱ्यावरून कळलं होतं. नारळपाणी आहे हे ठाऊक असून तो करवंटी घ्यायला उभा राहिला असता तर कान्हूकाकांनी पहिल्या नजरेत ओळखलं असतं, आणि मग ना देवाचं राहिलं असतं ना माणसांचं. म्हणून मी सांगितलं नाही. मला वाटलं, तो परत देईल म्हणतोय ना, देईल. आणि नाहीच देऊ शकला तरी आत पाणी आहे. दोन्हीकडून मी बांध घातलाय, असं मला वाटलं.

दिवे लागले तेव्हा राखण झाली. मैदानाच्या कडेला बांधावरचा दगड, त्याच्याभोवती पुरुष, मागे पाहुण्या संघांची पोरं. जोहे गावचा संघ आला होता, मूर्तींच्या कारखान्यांत काम करणारी पोरं, नखांत अजून रंग होता. आम्ही बायका थोड्या अलीकडे उभ्या. कान्हूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. खेळनाऱ्या पोरांचे हातपाय सांभाळ रे म्हाराजा, असं म्हणाले. कोंबडा दिला. बाटलीचा बोळा काढून दगडाभोवती धार ओतली. हातभट्टीची होती. मी इतक्या लांब होते तरी वास माझ्यापर्यंत आला. मैनानं नाक मुरडलं.

मग पुतळीकाकूंनी ताट पुढे केलं. कान्हूकाकांनी पानाखालून करवंटी उचलली आणि दोन्ही हातांत धरून सुशीलसमोर उभे राहिले. कर्ण्यावर निवेदक म्हणत होता, संघाचे कार्यवाह, आपल्या सर्वांचे लाडके सुशीलदादा, आज पुन्हा आपल्यात... मग कुणीतरी त्याला गप्प बसवलं.

सुशीलनं करवंटी घेतली. कपाळाला लावली. आणि म्हटल्याप्रमाणे, दोन्ही हातांनी परत पुढे केली.

कान्हूकाकांनी हात मागे बांधले.

"घे दादा," ते म्हणाले. "देवाचा हाय, माझा नाय."

सुशील काहीतरी पुटपुटला. डॉक्टरांचं नाव घेतलं असावं.

"तवा मी कायबी नाय बोललो," कान्हूकाका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पोलिसांत नाय, गावात नाय, कोनाकडं नाय. आज तू बोलू नको."

रघूदादा जमिनीकडे बघत होते. निलेश लांब टेबलाशी बसून होता, त्याला उठून यायला वेळ लागला असता. सुशीलनं मान वळवली आणि बायकांत मला शोधलं.

आमची नजर मिळाली. मला मान हलवायची होती. घे, पाणी आहे त्यात. पण नुसत्या मानेनं एवढं सांगता येत नाही. नुसतं "घे" कळलं असतं, आणि ते मला त्याला कधीच म्हणायचं नव्हतं. मी मैनाला धरून तशीच उभी राहिले. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मैनाकडे बघितलं, मग आमच्यावरची नजर काढली.

नजर काढली आणि मगच करवंटी तोंडाला लावली.

ओठ ओले करून थांबता आलं असतं. तो थांबला नाही. डोळे मिटले, मान मागे टाकली आणि सगळी रिकामी केली, शेवटचा थेंब सुटेपर्यंत. माणसं ओरडली, टाळ्या पडल्या, कर्णा सुरू झाला. कान्हूकाकांनी त्याला छातीशी धरलं. दोघांचे खांदे हलत होते.

पण त्या मिठीआधी एक क्षण होता, तो मी बघितला. दुसऱ्या कुणी बघितला नसेल, कारण त्याचा चेहरा दुसऱ्या कुणाला वाचायचा नव्हता. करवंटी तोंडावरून काढल्यावर त्याची जीभ ओठांवरून फिरली. मग त्यानं खाली, करवंटीच्या आत बघितलं. सुटका झालेला माणूस तसा बघत नाही. भुकेला माणूस डबा उघडतो आणि डबा रिकामा निघतो, तसं बघितलं.

माझ्या शेजारी पुतळीकाकू ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना समाधान वाटत होतं. "झाला गो," त्या मला म्हणाल्या. "सुटलीस." मी हो म्हटलं.

सामने चांगले झाले. हे मला सांगायलाच हवं, कारण ते खरं आहे. सुशील मैदानाच्या कडेला उभा होता आणि त्याच्यात जीव आला होता. जोह्याच्या एका पोराच्या पकडीवरून वाद झाला, पंच गोंधळले, दोन गावं अंगावर यायला लागली. सुशील मधे गेला, दोन्ही कर्णधारांच्या खांद्यांवर हात ठेवले, मातीत पायानं रेघ ओढून काहीतरी दाखवलं, आणि सगळे मागे सरले. असं काम त्याच्यासारखं कुणाला जमत नाही. म्हातारी माणसं एकमेकांना म्हणत होती, आला बघ आपला कार्यवाह. रघूदादा लांबून माझ्याकडे बघून हात हलवत होते. मैना शिट्टी तोंडात धरून झोपली. मी तिच्या तोंडातून ती हळूच काढली.

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी होता, त्यामुळे आम्ही लवकर निघालो. मी मैनाला मागच्या सीटवर निजवत होते, तेव्हा निलेश आला. काठी टेकत, सावकाश. आईनं सांगितलं मला, म्हणाला.

"वहिनी, दादासारखा कार्यवाह नाय हाय दुसरा. पन गाडी तुम्हीच चालवा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानंही टेबलावरून तेच बघितलं होतं की काय, कोण जाणे. तो वळून गेलासुद्धा.

खाडीच्या रस्त्यावर सुशील मागे बसून मैनाची टोपी नीट करत होता. मग म्हणाला, "पुतळीकाकूंनी नारळपाणी भरलं होतं."

"हो."

"तू सांगितलंस त्यांना?"

"हो."

"मला आधीच कळलं होतं," तो म्हणाला. "हातात घेतली तेव्हाच. वासावरून."

मी गाडी चालवत राहिले. दगडाभोवतीच्या धारेचा वास मला इतक्या लांब येत होता. तो त्या धारेत पाय ठेवून उभा होता. त्या जागी नारळपाण्याचा वास कुणाला आला असता? पण आलाही असेल. इतके महिने सोडलेल्या माणसाचं नाक तल्लख होत असेल. हे मी स्वतःला अलिबागच्या रस्त्याला लागेपर्यंत सांगत राहिले. ठरल्याप्रमाणे त्यानं थेंबही घेतला नव्हता. अट मोडली नव्हती. पुढच्या गावात पुढची राखण असेल, तिथे मी पुढच्या पुतळीकाकू शोधीन, मग त्याच्या पुढच्या गावात. मोसम लांब असतो. मैना मोठी होत जाईल आणि मी पडव्यापडव्यांतून शहाळी सोलून घेत फिरेन.

वडखळ नाका आला. डावीकडे पेण, घर. उजवीकडे नागोठण्याहून पुढे रोहा. पुढे ट्रक अडकले होते म्हणून गाड्या थांबल्या होत्या. माझा हात कधी गेला कळलं नाही, पण उजवीकडचा दिवा लागला होता. टक् टक् टक् आवाज येत होता.

सुशीलनं तो ऐकला. मी आरशात बघितलं नाही. नुसता त्याचा श्वास ऐकला.

मग तो म्हणाला, "नव्हतं कळलं मला."

मी दिवा तसाच चालू राहू दिला.

"दारूच आहे समजून घेतली. ते माझ्याकडे बघत होते, मला नाही म्हणता येईना. हे खरं आहे." मग म्हणाला, "पण एवढंच खरं नाही. हातात आली ना, सुरभी, तेव्हा बरं वाटलं होतं. आता घ्यावीच लागणार म्हणून."

मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला. त्याचं खोटं मी रोह्यापर्यंत कसंही सांभाळून नेलं असतं. या खऱ्याचं काय करावं ते मला कळेना. मला वाटलं, आत्ता मागे वळून त्याला जवळ घ्यावं. आणि मला हेही कळत होतं की तसं केलं तर दिवा डावीकडे फिरेल.

मी गाडी कडेला, वडापावच्या गाडीजवळ घेतली. तो काही न विचारता उतरला. मग परत आत वाकला, मैनाच्या टाळूवर नाक टेकवून राहिला. ती झोपेत हलली.

खिडकीशी आला. सवयीनं तोंड पुढे केलं, रोजच्यासारखं. मी वास घेतला. शहाळ्याचा गोडसर वास होता, दुसरा कसलाही नव्हता.

"उद्या अंतिम सामना आहे," मी म्हटलं. "चषक दुकानात मागच्या कपाटात आहेत. शटरची डावी कडी अडकते, वर उचलून ओढ."

तो हो म्हणाला. पेणची रिक्षा समोरच उभी होती, पण तो तिकडे गेला नाही. नव्या दाराला हात लावून उभा राहिला. मी गाडी हलवली तसा त्यानं हात काढून घेतला.

रोह्याचा रस्ता रिकामा होता. खिंड येईपर्यंत मैना जागी झाली नाही. त्या वेळचा उतार आता चढ होता, तिथे मी वेग कमी केला, आणि ती उठून रडायला लागली, भुकेनं. कठडा जिथे नव्यानं बांधलाय त्याच्या पुढे जागा बघून मी थांबले, मागे जाऊन बसले, तिला ओढणीखाली घेतलं. तिच्या टोपीला शहाळ्याचा वास लागला होता.